दुसऱ्या मजल्यावर उतरणारी माणसं

दादर वेस्टला, स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर, एक जुनी बिल्डिंग आहे. नेमकी कुठली ते सांगत नाही, तिथे जाणाऱ्या निम्म्या लोकांची तीच इच्छा असते. खाली जिन्यापाशी तीन पाट्या. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर फिजिओथेरपी, तिसऱ्यावर मानसोपचार. लिफ्ट जुनी, जाळीची, आतला दरवाजा नीट ओढला नाही तर जागची हलत नाही, आणि आत स्टुलावर बसलेले काका. पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी विचारलं, "कितवा?" आणि माझ्या तोंडून निघालं, "दुसरा."

दुसऱ्यावर उतरले, लिफ्ट खाली जाईपर्यंत पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं आणि मग एक जिना चढून वर गेले. असं मी दर गुरुवारी, चांगले आठ महिने केलं.

झालं काय होतं, तर काहीच नाही, आणि हीच पंचाईत होती. कुणी गेलं असतं, नोकरी सुटली असती, नवरा पीत असता तर निदान सांगायला कारण होतं. पण नवरा सज्जन, लेक नववीत, मी एका सहकारी बँकेत फोर्टच्या ब्रँचला, सासूबाई (त्यांना मी आईच म्हणते) चालत्याफिरत्या, मुलुंड ईस्टला वन बीएचके, कर्जाचे हप्ते निम्म्याहून जास्त फिटलेले. आणि तरी मला रोज पहाटे साडेतीनला जाग यायची, घड्याळ न बघता सांगावं साडेतीन, आणि मग पंख्याकडे बघत पडायचं ते सव्वापाचला दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवल्याचा आवाज आला की हुश्श, आता उठलं तर कुणी विचारणार नाही. मग दिवसभर अंग जड. कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात, दोन झाल्या का तीन, वरण कधी कच्चं कधी लगदा. लेकीच्या डब्यात दोन दिवस लागोपाठ नुसत्या पोळ्या गेल्या, भाजी ओट्यावरच राहिली. ती काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच डबा उघडून बघून मग दप्तरात टाकला, ते बघून मला जे रडू आलं ते बाथरूमचा नळ सोडून रडावं लागलं.

सल्ले सगळ्यांकडून मिळाले. नवरा म्हणाला दोन दिवस अलिबागला जाऊन येऊ. गेलो. तिथे समुद्रासमोर बसून रडले, म्हणजे फरक एवढाच की नळ सोडावा लागला नाही. आईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. बहीण फोनवर म्हणाली, "तू ना टेन्शन घेऊ नकोस गं." जसं काही मीच पिशवी घेऊन ते आणायला बाजारात गेले होते.

आमचे फॅमिली डॉक्टर जुने, लेकीच्या जन्माच्या आधीपासूनचे. त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवलं, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री आणि थायरॉईडची टीएसएच. हे बरोबरच आहे, कारण थायरॉईड मंदावलं की माणूस असाच थकतो, असाच उदास होतो, आणि बी-ट्वेल्व्ह कमी असण्यात तर आमच्यासारख्या शाकाहारी घरात काही नवल नाही. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, इंजेक्शनं झाली. थायरॉईड एकदम नॉर्मल. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इंजेक्शनं संपली तरी साडेतीन काही चुकेना, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे आता माझ्या हातातलं नाही. चिठ्ठी देतो." मी म्हटलं डॉक्टर, मी काही वेडी नाहीये. ते म्हणाले, "वेडी असतीस तर मला हे म्हणाली नसतीस, घे."

ती चिठ्ठी मी लोकलच्या पासाच्या कव्हरमध्ये, पासाच्या मागे सरकवली. पास तीन महिन्यांचा. संपला, नवीन काढला, जुना फाडून टाकला आणि चिठ्ठी नव्या पासामागे ठेवली. एवढं नीट सांभाळून ठेवलं आणि जायचं मात्र नाही. टीसीने एकदा पास मागितला तर तो काढताना चिठ्ठी डब्यात पडली आणि मी शंभराची नोट पडावी तशी झडप घालून उचलली.

भीती कसली होती हे मुलुंडकरांना नीट कळेल. आमच्या पुढचं स्टेशन ठाणे. ठाण्याला जाणं म्हणजे आम्हाला कोपऱ्यावर जाण्यासारखं, पण लहानपणापासून जे वाक्य ऐकलंय, "हिला ठाण्याला नेऊन सोडा", ते स्टेशनबद्दल नसतं. पुण्याकडे येरवडा म्हणतात, आपल्याकडे ठाणे. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं हा विनोद चालू असणार. आता गंमत बघा, त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, मराठीत या विषयावर इतकं बोललेली संस्था, आणि माझ्या घरापासून एका स्टेशनवर. पण नवऱ्याने नाव काढल्याबरोबर मी म्हटलं, "ठाण्याला? मी नाही जाणार." आणि उलट्या दिशेने दादरला जायचं ठरवलं, का तर दादरला ओळखीचं कुणी भेटणार नाही. मुंबईतल्या मराठी माणसाने दादरला ओळखीचं कुणी भेटणार नाही असं समजावं, यावरूनच माझ्या डोक्याची तेव्हाची अवस्था लक्षात यावी.

पण गेले ते नोटांमुळे. महिन्याची एक तारीख, पेन्शनवाल्यांची रांग, मी कॅशला. पाचशेचं एक बंडल मोजलं, शंभर. खात्री वाटेना म्हणून परत मोजलं. मग मशीनमध्ये घातलं, मशीन म्हणालं शंभर. परत घातलं, शंभर. चौथ्यांदा घालायला गेले तर समोरचे आजोबा, दर महिन्याला येणारे, काचेच्या खालून हात घालून हळूच म्हणाले, "ताई, शंभरच आहेत." आणि मला हुंदका फुटला. काउंटरवर, अख्ख्या रांगेसमोर. मॅनेजरांनी पाणी दिलं, आत बसवलं, सहकारी बायकांनी काही न विचारता माझी ट्रे सांभाळली, आणि मी पासाच्या मागची चिठ्ठी काढून जेवणाच्या खोलीतनं फोन लावला. तिकडून विचारलं, पेशंट कोण? मी म्हटलं, "माझी बहीण." वय? माझंच सांगितलं. नाव विचारल्यावर अडकले. तिकडच्या मुलीला सवय असावी, ती म्हणाली, "चालेल, बहिणीला गुरुवारी सहाला घेऊन या."

तिसऱ्या मजल्यावर मला वाटलं होतं काळोख असेल. का ते माहीत नाही, सिनेमे बघून असेल. तर तिथे ट्यूबलाईट, भिंतीवर जुनं कालनिर्णय, एका बाजूला पाण्याचा जार, आणि बसलेले लोक अगदी आपल्यासारखे, एक कॉलेजचा मुलगा कानात हेडफोन घालून, एक नऊवारीतल्या आजी आणि एक टाय लावलेला माणूस जो एकसारखा घड्याळ बघत होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दाताच्या दवाखान्यात तरी लोक "तुमचं काय, रूट कनाल?" असं विचारतात.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या. त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले आणि त्यातले निम्मे शरीराचे होते. झोप किती, जाग कधी, भूक, वजन, पाळी, रिपोर्ट आणलेत का. आवडती गोष्ट करताना अजून आवडते का? हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, मी खूप वेळ विचार करून म्हटलं, आवडती गोष्ट कुठली होती तेच आठवत नाहीये. मग त्यांनी, कुकर झाला का विचारावं इतक्या साध्या आवाजात विचारलं, "जीव द्यावा असे विचार येतात का?"

लोकलसमोर उडी वगैरे कधीच मनात आलं नव्हतं. पण झोपताना रोज वाटायचं की सकाळी जागच आली नाही तर किती बरं. हे मी नवऱ्याला बोलले नव्हते, तिथे बोलले. त्या दचकल्या नाहीत. लिहून घेतलं, आणखी चार प्रश्न विचारले, काही ठरवलं होतं का, काही जमवून ठेवलंय का, घरी कोण असतं. मला नंतर कळलं की असं सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मी तर पुराव्यासकट सांगू शकते, त्या रात्री मी साडेचारपर्यंत झोपले.

निघताना त्यांनी एका कागदावर १४४१६ असा नंबर लिहून दिला. टेली-मानस, सरकारची हेल्पलाईन, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलतात. रात्री फार झालं तर लावा म्हणाल्या. लावला एकदा, पहाटे पावणेचारला, किचनमध्ये वॉटर प्युरिफायरला चिकटून. आमच्या वन बीएचकेत रात्री कुजबुजायलाही जागा नाही, बाहेरच्या खोलीत आई आणि लेक, आत आम्ही, मध्ये किचन. पलीकडच्या बाईंना मी एवढंच म्हणाले, "झोप येत नाही हो." त्यांनी घाई केली नाही. दहाएक मिनिटं बोललो असू, त्यातली दोन मी नुसती रडले.

गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की झोपेची गोळी नाही ही, घेतली आणि लगेच बरं वाटलं असं होणार नाही, दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि पहिला आठवडा उलट मळमळेल. मळमळलं. आणि एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली, बरं वाटायला लागलं की मनाने बंद करायची नाही, सोडायची तेव्हा आम्ही हळूहळू कमी करत आणू. (माझ्या एका मैत्रिणीने अशीच बरं वाटतंय म्हणून एका दिवसात बंद केली होती, तिला आठवडाभर चक्कर आणि डोक्यात झिणझिण्या.) झोपेच्या गोळ्यांची सवय लागते ते वेगळं प्रकरण, ते लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की सगळ्याच गोळ्यांना एकाच मापात मोजतात.

गोळी लागू पडतेय हे मला कसं कळलं सांगते. चौथा आठवडा, संध्याकाळची लोकल, लेडीज डबा, मी चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेली. कुर्ल्याला एक बाई चढली आणि म्हणाली जरा सरका. कुठे सरकणार? आणि मी भांडले. व्यवस्थित, घाटकोपर येईपर्यंत, हातवारे करून. घरी पोचल्यावर लक्षात आलं की गेले सात-आठ महिने मला कुणीही ढकललं तरी मी मुकाट्याने उठून उभी राहत होते. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं तर त्या हसल्या आणि फाईलमध्ये खरंच लिहून घेतलं.

शेजारच्या केबिनमध्ये सायकॉलॉजिस्ट बसायची, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान पोरगी. हा फरकही मला तोवर माहीत नव्हता. सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे यातच शिकलेला डॉक्टर, गोळ्या तोच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलण्यातून उपचार करते, तिचं नाव आरसीआयच्या, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या रजिस्टरमध्ये असतं, ते बघून घेता येतं. आणि बघूनच घ्यावं, कारण यांच्याआधी मी एका काउन्सेलर बाईंकडे दोनदा गेले होते, त्यांनी दुसऱ्याच भेटीत मला मोरपिशी रंगाची बेडशीट वापरायला सांगितली होती आणि पंधराशे रुपये घेतले होते. बेडशीट अजून आहे, चांगली निघाली.

तर ही पोरगी. तिने मला वही घालायला लावली. घटना, मनात काय आलं, मग काय वाटलं, असे तीन रकाने. बँकेतल्या बाईला रकाने सांगितले की ती खूश, मी तर खाली बेरीजही मारायला लागले असते. आणि एक दिवस तिने माझ्याच वहीत लाल पेनाने गोल करायला सुरुवात केली. मी लिहिलं होतं, "डबा वेळेत झालाच पाहिजे." "कॅश जुळलीच पाहिजे." "आईंना राग येताच कामा नये." तिने प्रत्येक 'च'ला गोल केला. एका पानावर सतरा. म्हणाली, घरी जा आणि दिवसभरात किती 'च' येतात ते नुसते मोजा, काढू नका, मोजा फक्त.

मला आधी हे पोरकट वाटलं. नंतर वाचलं तर याच्यामागे मोठी परंपरा आहे, अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास ही पद्धत मांडली, आणि आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी विवेकनिष्ठ विचारसरणी म्हणून ती मराठी वाचकांपर्यंत आणली. माणसाला त्रास घटनेपेक्षा 'असंच व्हायला हवं' या हट्टाचा जास्त होतो, असं काहीसं. इंग्रजीत त्यासाठी आख्खे शब्द लागतात, आपण एका अक्षरात काम भागवलंय. कॅश जुळली पाहिजे आणि कॅश जुळलीच पाहिजे, म्हणून बघा, दुसऱ्याला छातीत थोडं दाबल्यासारखं होतं. मंगळवारी मोजले, दिवसभरात त्रेचाळीस. त्यातले अकरा सकाळी सात ते आठमध्ये, ओट्यापाशी.

पैशाचं बोलते, कारण यावर कुणी बोलत नाही आणि लोक तिथेच अडतात. डॉक्टरांचे पहिल्या वेळी दोन हजार, नंतर बाराशे, सायकॉलॉजिस्टचे दर गुरुवारी दीड हजार, गोळ्या वेगळ्या. मी एक आरडी मोडली. मेडिक्लेमवाल्याला फोन केला, कारण २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २९ मे २०१८ पासून लागू, त्यात स्वच्छ लिहिलंय की विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं. तो म्हणाला, "मॅडम, धरतो की, पण अॅडमिट झालात तर. ओपीडी कशालाच नाही." म्हणजे आमच्या पॉलिसीपुरती तरी पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यात समानता आलेली आहे.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताई आहेत, त्यांना एकदा गुरुवारचं काहीतरी सांगत होते, फिजिओचंच, तर त्या घासता घासता म्हणाल्या, "माझ्या पोराचं पण डोक्याचं औषध चालू हाय ना, सायनला. केस पेपर काढायचा, रांग लावायची, डॉक्टर चांगलं बोलत्यात. दोन वर्सं झाली, आता कामाला जातो." भांड्यांच्या आवाजावरून, खिडकी उघडी, समोरच्या बिल्डिंगला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. सायन, केईएम, नायर, पालिकेच्या या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी असते हे मला माहीत होतं, पण ते 'त्यांच्यासाठी' असं कुठेतरी डोक्यात होतं. आणि मी आरडी मोडून, मजला चुकवून, मान दुखते म्हणून सांगत होते.

मानेचं कसं झालं ते राहिलंच. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी बिल्डिंगमधून बाहेर पडले आणि समोर मावससासूबाई, हातात शेवंतीची वेणी आणि भाजीची पिशवी. त्यांनी आधी मला बघितलं, मग मान वर करून पाट्या बघितल्या. मी एका श्वासात म्हटलं, "फिजिओ. मान." बस. त्या घरी पोचायच्या आत आईंना फोन गेला. आणि मग ते खोटं वाढत गेलं. शेजारच्या काकूंनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली, नणंदेने वाढदिवसाला मानेची उशी दिली, ऑफिसात मी मान वळवताना अधूनमधून "आई गं" म्हणायला लागले. आणि आई, त्या तर दर गुरुवारी रात्री जेवणं झाली की वाटीत नारायण तेल कोमट करून माझी मान चोळायच्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईची बोटं, सांध्यांना गाठी आलेल्या, आणि मी मान खाली घालून बसलेली. घरात खरं फक्त नवऱ्याला माहीत होतं. लेकीलाही नंतर सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "डिप्रेशन म्हणजे ते बातम्यांत सांगतात तसं? कमी दाबाचा पट्टा?" तेव्हापासून आमच्यात तोच शब्द. सकाळी माझा चेहरा बघून ती बापाला खुणावते, आज पट्टा आहे.

जुलैमध्ये एकदा गाड्या बंद पडल्या तेव्हा सेशन व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं. घरात शक्य नव्हतं, म्हणून सोसायटीच्या गच्चीवर, टाकीच्या पत्र्याखाली छत्री धरून पन्नास मिनिटं बसले. वॉचमन दोनदा येऊन गेला. त्याला वाटलं असणार मॅडमचं कुठेतरी अफेअर आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याने तेच समजावं असं वाटत होतं.

निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ला देशभर एक मोठी पाहणी केली होती, त्यात मोठ्या माणसांत शंभरातल्या दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक त्रास होता, आणि डिप्रेशन असलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशीएक जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. मी याचा हिशोब डब्यात करते. पीक अवरला लेडीज डब्यात दोनशे बायका कोंबलेल्या असतील तर वीसएक. कोण असतील? ती भाजी निवडणारी? ती स्तोत्र पुटपुटणारी? ती भांडणारी नक्की नाही, भांडणारी बरी आहे.

आणि मग एका गुरुवारी लिफ्टमध्ये मी आणि तो टायवाला माणूस, दोघंच. "दुसरा," मी म्हटलं. "दुसरा," तोही म्हणाला. काकांनी लिफ्ट दुसऱ्यावर थांबवलीच नाही, सरळ तिसऱ्यावर नेली आणि जाळी उघडत म्हणाले, "साहेब, ताई, रोज सगळे दुसऱ्यावर उतरतात आणि जिना चढतात. माझा काय त्रास नाही, पण त्या आजींचे गुडघे दुखतात हो." नऊवारीतल्या आजी! त्याही! टायवाला इतका मोठ्याने हसला की आतून रिसेप्शनची मुलगी बघायला आली. आम्ही अजून एकमेकांचं नाव विचारलेलं नाही.

गुडघ्यांवरूनच शेवटी घरी फुटलं. डिसेंबरात आईंचे गुडघे जास्तच धरायला लागले, आणि साहजिकच त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या फिजिओकडेच मला ने, तुला चांगला गुण आलाय." आता काय करणार? दुसऱ्या मजल्यावर मला कुणी ओळखत नव्हतं. रात्री आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, टीव्ही चालू, आणि मी मटारांकडे बघत सगळं सांगितलं. पहाट, नोटा, चिठ्ठी, गोळ्या, सगळं. जागच येऊ नये असं वाटायचं तेसुद्धा. त्या सोलत राहिल्या. संपलं तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"म्हणजे मान दुखतच नव्हती?"

मी म्हटलं, नाही.

"मग मी वर्षभर तेल कुणाला चोळत होते?"

उठल्या आणि आत गेल्या. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाटलं होतं त्या वेड, ठाणे, लेकीचं लग्न यातलं काहीतरी काढतील, त्याची उत्तरं मी सायकॉलॉजिस्टबरोबर बसून तयार केली होती, वहीत लिहून. तेलाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर आई फोनवर शेजारच्या काकूंशी बोलत होत्या, भिंतीपलीकडे राहतात तरी फोनवर. "अहो मान कसली, थायरॉईड निघालंय तिला. हो ना. त्याने झोप उडते, रडू येतं, सगळं त्यानेच. गोळी चालू आहे, बराच काळ घ्यायची असते." मी दारातच उभी. त्यांनी मला बघितलं, बोलणं अजिबात थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंचा मेसेज, थायरॉईडवाल्यांनी कोबी, फ्लॉवर टाळावा. त्या दिवसापासून आमच्याकडे कोबी बंद. मला कोबी फार आवडतो. आता माझी टीएसएच नॉर्मल आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांनीच मला कोबी द्यायचा बंद केलाय, यावर काय बोलणार?

जानेवारीत त्यांना दादरला नेलं. काकांनी विचारलं कितवा, मी म्हटलं यांचा दुसरा, माझा तिसरा. आई जाळीतून सरकणारे मजले बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. त्यांचं अर्ध्या तासात झालं, पण मी खाली आले तेव्हा त्या दुसऱ्यावरच बाकावर बसून होत्या, शेजारी नऊवारीतल्या आजी, आणि दोघींचं तुमचं माहेर कुठलं, आमचं अमुक, इथवर आलं होतं.

रात्री जेवणं आटोपल्यावर किचनमधून तेल कोमट केल्याचा वास आला. आई वाटी घेऊन बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या, पायाशी चटई सरकवली.

"आई, अहो मान नव्हती दुखत, सांगितलं ना."

"ऐकलंय मी. डोक्याला लावते. बस खाली."

बसले. त्यांनी केस सोडले, मधोमध बोट ठेवून तेल ओतलं, थोडं कानामागे ओघळलं. टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या आणि लेक बापाकडे बघून गालातल्या गालात हसत होती. मी विचारलं, उद्या डब्याला भाजी काय?

"दोडका," आई म्हणाल्या.